दार उघडं ठेव

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

लेस्टरमध्ये स्वतःचं फ्युनरल होम काढतोयस, जागा बघितलीस, गाडीचं ठरलं, आणि अडलायस कुठे, तर आपल्या धंद्याच्या, फ्युनरल डायरेक्टर्सच्या असोसिएशनची वर्गणी भरावी की नाही इथे! गिऱ्हाईक विचारत नाही, कायद्याची सक्ती नाही, आपले लोक ओळखीवरच येतात, मग उगाच पैसे कशाला घालवायचे, असं तुझे मामा म्हणतात.

सक्ती नाही हे खरंच. इंग्लंडात साधं सँडविचचं दुकान काढायचं तरी कौन्सिलकडे नोंद करावी लागते. मयत सांभाळायला मात्र परवाना लागत नाही. दरपत्रक लावायची सक्ती 2021 मध्ये आली, पण मागच्या खोलीत काय चाललंय ते बघायला कोणी येत नाही. म्हणून म्हणतो, दार उघडं ठेव. असोसिएशनच्या परक्या माणसाने तपासणीला येऊन मयत ठेवायचा तुझा फ्रिज उघडला पाहिजे, मनगटावरची नावाची पट्टी रजिस्टरशी ताडून बघितली पाहिजे. ज्याचं काम आपण करतो तो तक्रार करायला उठत नाही, आणि घरचे शोकात असतात. 2024 च्या मार्चमध्ये हल शहरातल्या एका फ्युनरल होममधून पोलिसांनी 35 मृतदेह बाहेर काढले. त्यांचे नातेवाईकही कोणाच्या तरी ओळखीवर गेले असतील. विचार मामांना.

‘गोऱ्यांचा क्लब’ म्हणालास. अरे, नॅशनल असोसिएशन ऑफ फ्युनरल डायरेक्टर्स 1905 सालची. मी पहिल्यांदा सभेला गेलो तेव्हा सगळे पिढीजात अंडरटेकर आणि त्यांच्यात मी एकटा सातारचा. चहाचा कप धरून भिंतीला टेकून उभा होतो. पण त्यातल्याच एका म्हाताऱ्याने पुढे फोनवर मला समजावलं, की पेसमेकर काढल्याशिवाय कॉफिन क्रेमेटोरियमला न्यायचं नाही, भट्टीत स्फोट होतो; आणि नारळही ठेवू द्यायचा नाही, तोही फुटतो. मी म्हटलं, नारळ नाही म्हटलं तर घरातल्या म्हाताऱ्या बायका मला उभं करणार नाहीत. त्यावर तो हसला नाही. “मग त्याऐवजी काय चालेल?” असं विचारलं. तुळस, गंगाजल, थोडं तूप, तांदळाचे पिंड, आंघोळ घरच्यांच्याच हातून, बटण थोरल्या मुलाने दाबायचं, हे सगळं मी सांगत गेलो आणि तो लिहून घेत गेला. माझ्या सख्ख्या भावाने आजवर या धंद्याबद्दल मला एक प्रश्न विचारलेला नाही.

2020 मध्ये नियम भराभर बदलत होते. दहनासाठी लागणारी दुसऱ्या डॉक्टरची सही गेली, अंत्ययात्रेला किती माणसं चालतील ते क्रेमेटोरियमगणिक वेगळं. घरच्यांचे फोन मलाच. त्या दिवसांत असोसिएशनची पत्रकं नसती तर मी लोकांना काय सांगितलं असतं, देव जाणे.

याच वर्गणीवरून माझी भागीदारी मोडली. तो म्हणायचा, तपासणीला पैसे देऊन बोलावणारा तू एकटाच शहाणा. आज त्याच्याकडे माझ्या दुप्पट गाड्या आहेत. वाईट वाटत नाही असं म्हणणार होतो, वाटतं. मुलांच्या फीच्या वेळी तर फार वाटलं. तरी माझं चुकलं नाही. त्याचं मागचं दार नेहमी बंद असायचं. आत काही वावगं होतं असं मी म्हणत नाही, सगळं ठीकच असेल. पण ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि तेवढं मला पुरत नव्हतं. तुलाही पुरू नये.

आता पुन्हा ‘बघू’ म्हणू नकोस. अर्ज याच महिन्यात भर. या कामाच्या डिप्लोमाच्या परीक्षेलाही बस, कामाचा अनुभव आहे म्हणून टाळू नकोस. शिफारस लागली तर माझं नाव दे. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फ्रिज घासायला मात्र मला बोलवायचं नाही; तो रोजच्या रोज घासलेला असला पाहिजे.

तुझा,
काका