इन-गोलमधला ढीग: आधी गोल लाइन बघ

रग्बी युनियनमध्ये गोल लाइनपाशी पडलेल्या खेळाडूंचा ढीग बघून नवा रेफरी बिचकतो. तू आधी एवढंच ठरव: टॅकल (चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं) गोल लाइनच्या अलीकडे झाला की पलीकडे, म्हणजे रेषेमागच्या इन-गोल पट्ट्यात? आणि ती रेषा इन-गोलमध्येच धरतात, हे विसरू नकोस.

अलीकडे टॅकल झाला आणि पडलेल्याने लगेच हात लांबवून चेंडू रेषेवर टेकवला, तर ट्राय, म्हणजे गुण. कोपरांवर सरपटत पुढे गेला, तर पेनल्टी. 'लगेच' म्हणजे किती यावर खेळाडू हुज्जत घालणारच. मी एका सलग हालचालीपुरतीच सूट देतो. तेवढ्यात बचाव करणारा त्याच्याकडून चेंडू ओढून घेऊ शकतो, लाथ मात्र मारू शकत नाही.

पलीकडे सगळंच वेगळं. इन-गोलमध्ये टॅकल, रक (जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने रेटारेटी), मॉल (चेंडू हातात असलेल्याभोवती उभ्याने रेटारेटी) यातलं काहीच नियमाने धरत नाहीत, म्हणून टॅकलनंतरची चेंडू सोडायची सक्तीही नाही. बचावपटूने चेंडूखाली हात घालून तो अडवला, तर तेही नियमात बसतं. चेंडू जमिनीला न टेकता वर अडकूनच राहिला, तर गोल लाइन ड्रॉप-आउट, म्हणजे बचाव करणारा संघ आपल्या गोल लाइनवरून चेंडूचा टप्पा पाडून लाथेने खेळ पुन्हा सुरू करतो.

सुटा चेंडू तिथे जमिनीवर पडलेल्या खेळाडूने दाबला तरी चालतो: हाताने, दंडाने किंवा कंबरेपासून मानेपर्यंतच्या पुढच्या भागाने. गुडघ्याने नाही.