कमी पावसाच्या गावाला वर्षभर पाणी कसं पुरेल?

आधी पाणी मोजायला लागा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पण माझ्या मते खरी किमया पुढेच आहे. पावसाची नोंद बघून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांचं, जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. (हातातलं नगदी पीक सोडणं किती जड जातं, हे शेतकऱ्यालाच विचारा.) बंधारे बांधून मुरवलेलं पाणी बोअरने उपसलंत, तर उन्हाळ्यात पुन्हा टँकरच बोलवावा लागेल.