ऑनलाइन शिकवायला कुठे शिकावं? कोर्स करावा की थेट वर्ग काढावा?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं घरी पेटी शिकवताय, आता बाहेरगावच्यांसाठी ऑनलाइन वर्ग काढायचाय, तर आधी एखादा कोर्स करावा का आणि कॅमेरा-माइक कुठला घ्यावा. पेटीतलं मला ओ की ठो कळत नाही. मी मोडी लिपी शिकवते, 2020 पर्यंत साताऱ्यात समोरासमोर आणि तेव्हापासून ऑनलाइन. पण तुमच्याकडे बोटं, माझ्याकडे बोरू. दुखणं एकच असणार, म्हणून लिहितेय.

आधी माझी फजिती. लॉकडाउनमध्ये पहिली बॅच काढली, 34 जण आले. मी दीड-दीड तास बोलायचे, स्लाइडवर अक्षरं दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "समजलं ना सगळ्यांना?" चार अंगठे वर यायचे, दोघं-तिघं "हो मॅडम" म्हणायचे. गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, अक्षरंही बरी असायची. मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांचा मोबाइल चुकून टेबलावर कलंडला आणि कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी त्यांचा हात दिसायला लागला. ते देवनागरीसारखं लिहीत होते! आधी अक्षरं काढायची, मग शब्दाशब्दावर वरून रेघ मारायची. मोडीत नेमकं उलट असतं. आधी ओळभर रेघ आखून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत, होता होईल तो हात न उचलता पुढे जायचं. शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. रेघ मागाहून मारणाऱ्याचा हात अक्षरागणिक थांबतो, लपेटी अंगात मुरतच नाही, आणि मग जुन्या कागदावरची सलग ओळ समोर आली की तो अडतो. कागदाच्या फोटोत यातलं काहीच दिसत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना कॅमेरे खाली वळवायला सांगितले. बरेच जण तेच करत होते. साताऱ्याच्या वर्गात हे मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असतं, कारण मी बाकांमधून फिरायचे.

ऑनलाइन शिकवणं म्हणजे हे फिरणं परत कसं आणायचं, एवढंच मला कळलंय. तेव्हापासून गृहपाठाचा फोटो मी घेतच नाही. वीस सेकंदांचा व्हिडिओ मागवते, चेहरा नको, फक्त लिहिता हात. तुम्ही बोटांचा आणि भात्यावरच्या हाताचा मागवा.

आता कोर्सबद्दल. करा, पण विद्यार्थी व्हायला करा. 2017 साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शिक्षकांसाठीचे कोर्स असतात. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. मला खरा उपयोग झाला तो आयआयटी मुंबईच्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या 'लर्नर-सेंट्रिक मूक' या पद्धतीचा ('मूक' म्हणजे MOOC, कुणालाही घेता येणारा मोठा ऑनलाइन कोर्स). त्यात व्हिडिओ मध्येच थांबवून बघणाऱ्याला काहीतरी करायला लावतात, त्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. दिसायला साधी गोष्ट. पण मी माझी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली तेव्हा एकाही ठिकाणी मी श्वास घ्यायलासुद्धा थांबले नव्हते.

दुसरं, ब्रिटनच्या गिली सॅमन यांचा पाच पायऱ्यांचा आराखडा आहे, 2000 सालचा. त्यात पहिल्या दोन पायऱ्यांवर विषय जवळजवळ नसतोच. आधी माणूस आत येऊ शकला पाहिजे, मग त्याची बाकीच्यांशी ओळख व्हायला हवी. आता माझ्या पहिल्या आठवड्यात मोडीचं एकही अक्षर नसतं. प्रत्येकानं लॉगिन व्हायचं, माइक चालू-बंद करून दाखवायचा आणि हाताचा एक व्हिडिओ पाठवायचा, देवनागरीत स्वतःचं नाव लिहितानाचा. फी भरलेले लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

व्हिडिओ लहान ठेवा असं सगळे सांगतात. त्यामागे 2014 मधला अभ्यास आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधले 69 लाख वेळा पाहिलेले व्हिडिओ तपासले, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून बघतात असं दिसलं. बोलण्याच्या व्हिडिओला मी हे पाळते. हात गिरवायच्या व्हिडिओला नाही, कारण तो माणसं अर्धा तास मागेपुढे करत बघतात.

उपकरणांवर पैसे घालू नका. मी टेबलावर चौरंग ठेवते, त्याच्या कडेला मोबाइल, मागचा कॅमेरा कडेबाहेर डोकावेल असा, आणि मोबाइल पडू नये म्हणून त्यावर वरवंटा. (फडकं गुंडाळून. पहिला मोबाइल असाच गेला.) लॅपटॉपवरून मी बोलते, मोबाइल दुसरा सहभागी म्हणून जोडते. त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचे, नाहीतर आवाज घुमतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. झूमच्या फुकट खात्यावर 40 मिनिटांनी वर्ग बंद पडतो. माझ्या बडबडीला तेवढाच लगाम लागला.

पेटीसाठी एक मात्र आत्ताच करून बघा. झूम गोंगाट कमी करायला जातं आणि लांबलेला सूर त्याला गोंगाट वाटतो, म्हणून तुमचा षड्ज मध्येच गिळला जाईल. 'ओरिजिनल साउंड' चालू करा. आणि दोघांनी एकदम वाजवायचा हट्ट सोडा, आवाज पोचायला वेळ लागतो, लय जुळणार नाही. तुम्ही वाजवताना त्यानं माइक बंद करून तुमच्याबरोबर वाजवायचं, मग तुम्ही गप्प बसून त्याचं एकट्याचं ऐकायचं. तानपुरा त्याच्याच घरी लागू दे.

गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजते. वाचनाच्या तासाला ओळ दाखवून सांगते, "चॅटमध्ये लिहून ठेवा, मी 'पाठवा' म्हणेपर्यंत पाठवू नका." मग एकदम वीस उत्तरं पडतात, आणि हुशार मुलीचं बघून बाकीच्यांनी लिहिलेलं नसतं. कुठे अडलंय ते एका नजरेत कळतं.

परदेशातले विद्यार्थी घेणार असाल तर घड्याळ सांभाळा. न्यू जर्सीतली एक ताई शनिवारी रात्री दहाला बसायची, म्हणजे आपला रविवार सकाळचा साडेसातचा वर्ग. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि ती दहालाच आली. आम्ही वर्ग संपवून चहा घेत होतो. आता मेसेजमध्ये दोन्हीकडच्या वेळा लिहिते.

पहिली बॅच पाच जणांचीच घ्या, त्यातले दोन तुमचे जुने विद्यार्थी असू देत. तुमचा आवाज तुटतोय हे नवखे लोक भिडेखातर सांगत नाहीत. प्रमाणपत्राचं म्हणाल तर इतक्या वर्षांत मला ते एकानंही विचारलेलं नाही.