मोबाईलवर ११८, पोलिसांच्या मशीनवर ८२: खोटं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लालबागच्या गल्लीत रात्री ९ वाजता मंडळाचा साऊंड चालू होता, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ॲपने ११८ डेसिबल दाखवले, पोलिसांनी मांडवाच्या कडेला मोजले तर ८२. पोलीस मॅनेज झाले का, आणि ॲप कुठलं घ्यावं?

११८ विसरा. ८२ घट्ट धरून ठेवा, तुमची केस त्यातच आहे.

मोबाईलचा माईक बोलणं टिपायला बनवलेला असतो. मोठ्या आवाजाला तो मान टाकतो, पुढचा आकडा म्हणजे ॲपचा अंदाज. खऱ्या मशीनवर मोजण्याआधी कॅलिब्रेटर बसवून १००० हर्ट्‌झचा ९४ डेसिबलचा सूर देतात आणि आकडा जुळवून घेतात. तुमच्या फोनला असा सूर कोणी ऐकवलाय? त्यातून स्क्रीनशॉटमध्ये ठळक दिसतो तो बहुधा ‘मॅक्स’, म्हणजे एका क्षणाचा. शेजारी कोणी दार आपटलं तरी तो चढतो. कायद्याला हवी असते ठरावीक वेळेची सरासरी, ती ‘एलईक्यू’, आणि तीही ‘ए’ वजनाची. गॅलरीत पाठीमागे भिंत असली की परावर्तनाने साधारण ३ डेसिबल वाढतात, ते वेगळेच.

हे ‘ए’ वजन नीट समजून घ्या, सगळी मारामारी इथे होते. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून मशीन ते कापतं: ६३ हर्ट्‌झला तब्बल २६ डेसिबल. म्हणजे बेसमुळे मांडणीतली ताटं थरथरतात, कपाटाची काच वाजते, छातीत धडधडतं, आणि मशीनवर मात्र त्यातलं फारसं काही उतरत नाही. ताशाचा कडकडाट जवळजवळ पूर्ण मोजला जातो. ॲप ‘सी’ वजनावर, जे बेस फारसा कापत नाही, किंवा वजनाशिवाय चालू असेल तर बेसही पुरा धरला जातो. तेव्हा दोन आकड्यांत अंतर दिसलं म्हणून लगेच कटकारस्थान शोधू नका. दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असू शकते.

आता ८२. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, मर्यादा ५५; तुमचे ९ त्यातच येतात. सार्वजनिक जागेत लाऊडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे ६५. पोलिसांचाच आकडा त्याहून १७ने वर आहे, आणि १७ डेसिबल म्हणजे सुमारे ५० पट ध्वनिऊर्जा. तुम्ही मात्र ११८साठी भांडत बसलात आणि हातातला पंचनामा सोडून दिलात.

आपल्या बाजूच्या, म्हणजे आवाजाविरुद्ध तक्रार करणाऱ्या लोकांचा मला राग येतो तो इथे. मंडळवाला म्हणतो ‘बाप्पाला आवाज लागतो’, ते आपण हसून सोडतो. आणि ग्रुपवर ‘१३० डेसिबल’चा स्क्रीनशॉट आला की न तपासता पुढे ढकलतो. चिकित्सा फक्त समोरच्याची करायची असेल तर ती कसली चिकित्सा?

साऊंडवाल्याची ‘आवाज अर्धा केला’ ही थापही ओळखून ठेवा. ८ पैकी ४ बॉक्स बंद केले तर मशीनवर ३ ते ६ डेसिबल उतरतात. कानाला आवाज अर्धा वाटायला साधारण १० उतरावे लागतात.

‘आधी त्यांचे भोंगे उतरवा’ याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. नियमाच्या तक्त्यात औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे चारच प्रकार आहेत. धर्माचा किंवा पक्षाचा रकानाच नाही. भोंगाही त्यातच, प्रचारसभाही त्यातच.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मुळातच बंदी आहे, तिथे मशीनची गरज नाही. घड्याळ दिसेल असा व्हिडिओ घ्या, ११२ला फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्या दिवसांची यादी आधी बघा. सूट वेळेची असते, डेसिबलची नाही.

दिवसाची तक्रार असेल तर पोलिसांच्या नोंदीत जागा, वेळ, किती मिनिटांची सरासरी आणि साऊंड बंद असतानाचा आकडा, एवढं लिहिलंय का बघा. चालू आणि बंद यांत ३ पेक्षा कमी फरक असेल तर साऊंडचा आवाज वेगळा काढता येत नाही. १० किंवा जास्त असेल तर मागचा गोंगाट धरायची गरज नाही.

आणि हो, हा सगळा हिशोब गल्ली निवासी धरून केलाय. ती व्यापारी भागात मोडत असेल तर दिवसाची मर्यादा ६५, हद्दीवर ७५. मग ८२ फक्त ७ने वर. तक्रारीत आकडा घालण्याआधी तेवढं तपासा. ॲप कुठलंही घ्या.