उत्तर: कुत्र्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) प्रतिरोधी, म्हणजे औषधांना दाद न देणारा, जंतू निघाला, म्हणून त्याला घराबाहेर काढावे का?

आपल्या लॅब्रॅडॉरच्या पोटावरील पुळ्यांत मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमिडियस हा जंतू सापडला, घरात मधुमेही सासूबाई आहेत आणि नातेवाईक कुत्रा देऊन टाकण्यास सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी पशुवैद्य नाही, पण माझ्या कुत्रीचा असाच अहवाल हाती आला तेव्हा मीही हादरलो होतो.

हा जंतू मुळात कुत्र्यांचाच. निरोगी कुत्र्याच्याही त्वचेवर आणि नाकातोंडात तो नांदतो. प्रतिरोधी म्हणजे अधिक जहाल नव्हे. मेकए या जनुकामुळे त्याच्या पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनाचे रूप बदलते, म्हणून सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ही प्रतिजैविके त्या प्रथिनाला चिकटत नाहीत, आणि त्याच कुळातले दुसरे औषध देऊनही उपयोग होत नाही. माणसाला त्याची बाधा क्वचित, तीही बहुधा चावा, उघडी जखम किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असेल तरच होते. माणसांमधला स्टॅफिलोकॉकस ऑरियस पाळीव प्राण्यांत आढळतो, तेव्हा तो बहुधा आपणच त्यांना दिलेला असतो, हे नातेवाइकांना जरूर सांगावे.

पुळ्या वरवरच्या असतील तर क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूनेच बरेचदा काम भागते. मात्र फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो, आणि ओल्या लॅब्रॅडॉरला तेवढा वेळ धरून ठेवणे हाच खरा उपचार आहे. पिसवा किंवा ॲलर्जी, म्हणजे खाजेचे मूळ, शोधले नाही तर पुळ्या पुन्हा येतात, पुन्हा गोळ्या दिल्या जातात आणि प्रतिरोधी जंतूंचेच फावते. गरज नसता औषधे दिली जातात याचे हे एक उदाहरण: अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतील कुत्र्याच्या पिल्लांमुळे पसरलेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या प्रतिरोधी जंतूच्या साथीत ११८ जण आजारी पडले. ज्या १४९ पिल्लांची माहिती मिळाली त्यांपैकी १४२ पिल्लांना प्रतिजैविके दिलेली होती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पिल्लांना ती केवळ खबरदारी म्हणून दिली होती.

सासूबाईंच्या पायाला जखम असल्यास ती झाकलेली असावी आणि कुत्र्याला पाय चाटू देऊ नये. पुळ्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, अंथरूण गरम पाण्यात धुवावे. कच्चे मांस घालत असाल तर बंद करावे, कारण त्यातून कुत्र्याच्या आतड्यात प्रतिरोधी ई. कोलाय जंतू शिरू शकतात. अहवालाची एक प्रत सासूबाईंच्या डॉक्टरांकडेही द्यावी. सासूबाईंची एखादी जखम चिघळली, तर कोणती औषधे वगळायची ते डॉक्टरांना आधीच ठाऊक असेल.