मुरूम एकदम भरून वरून मशीन फिरवलं तर चालतं का?

प्रश्न : मखमलाबादला आमच्या घराचं काम चालू आहे, जोतं तीन फूट उचललंय. ठेकेदार म्हणतो सगळा मुरूम एकदम टाकतो, पाणी सोडतो आणि शेवटी वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून भराव दाबणारं सपाट प्लेटचं मशीन) मारतो, एका दिवसात विषय संपला. खोदकामातली काळी माती पडून आहे तीपण आतच ढकलू म्हणतो. एका बाजूला शेजाऱ्यांची जुनी मातीची भिंत आहे. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात नाही. साइटवर भाड्याने मिळतं ते साधारण ऐंशी-शंभर किलोचं छोटं मशीन, त्याचा धक्का वरच्या सहा-आठ इंचातच जिरतो, खालचा अडीच फूट भराव भुसभुशीतच राहतो आणि वरून मात्र एकदम टणक दिसतो, इथेच सगळे फसतात. मग बाथरूमचं पाणी कुठून तरी झिरपलं की भराव बसतो आणि टाइल्स पोकळ वाजायला लागतात. म्हणून सुटा मुरूम सहा इंच टाकायचा, मोठे दगड काढायचे, दाबायचा, मग पुढचा थर. तीन फुटाला सात-आठ थर होतात, ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या.

पाण्याचं म्हणाल तर भराव बुडवून काही होत नाही (वाळूचं वेगळं, ती पाण्याने बसते). कोरड्या मुरमाचे कण एकमेकांत सरकत नाहीत आणि जास्त ओल्यात पाणीच जागा अडवून बसतं. मूठभर मुरूम घट्ट दाबा, गोळा झाला पाहिजे पण हात ओला व्हायला नको, आणि तो कमरेच्या उंचीवरून टाकला की दोन-चार ढेकळं व्हायला पाहिजेत. नुसता भुगा झाला तर थोडं पाणी शिंपडा, चपटा होऊन चिकटला तर एक दिवस वाळू द्या.

काळी माती मात्र आत नकोच. नाशिकमध्ये राहतो म्हणजे उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण बघतोच, तीच माती पावसाळ्यात फुगते, फरशीखाली तिला दाबून ठेवणारं वजनच नसतं. शिवाय चिकट मातीला प्लेटचं थरथरणं पुरत नाही, तिला ठोके लागतात, म्हणजे रॅमर, ज्याला साइटवर जंपिंग म्हणतात. तो रॅमर तुम्हाला तसाही लागेल, कॉलमच्या भोवती आणि प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईच्या) कोपऱ्यात प्लेट पोचतच नाही. शेजाऱ्यांच्या भिंतीलगत मात्र दोन्ही मशीन लांब ठेवा, तिथे थर अजून पातळ करून हाताने धुमस मारा, आणि भिंतीवर आधीच्या भेगा असतील तर काम चालू करायच्या आधीच शेजाऱ्यांना सोबत घेऊन फोटो काढून ठेवा, नंतरची भांडणं वाचतात.

थर झाला हे कळतं कसं? मशीन उड्या मारायला लागतं, आवाज कडक होतो, प्लेटच्या कडेच्या खुणा उमटत नाहीत. बारा एमएमची सळई हाताच्या जोराने सहज आत गेली तर परत फिरवा. मनात शंका असेल तर लॅबवाल्याकडून सँड रिप्लेसमेंट टेस्ट (थरात छोटा खड्डा करून त्यात वाळू भरून घनता मोजतात ती) करून घ्या, मुरमात खडे असतात म्हणून कोअर कटर, म्हणजे नमुना काढायची नळी, नीट बसत नाही. प्रॉक्टर टेस्टमध्ये, म्हणजे लॅबमध्ये तोच मुरूम ठोकून, जी जास्तीत जास्त घनता मिळते तिच्या पंच्याण्णव टक्के आली की निवांत.

प्रश्न : सेप्टिक टँकच्या खड्ड्यात पेट्रोलचं मशीन उतरवलं तर चालेल का? मशीन चालवणारा पोरगा म्हणतो हात बधिर होतात.

उत्तर : खोल बंद खड्ड्यात पेट्रोल इंजिन नकोच, धूर खाली साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, माणूस गप्पकन पडतो. तिथे हाताने धुमस. वरच्या कामाला माणसं आलटून-पालटून लावा, हँडलचे रबर फाटलेले असतील तर मशीन परत पाठवा, आणि मशीन दाबून धरायचं नाही, ते स्वतःच पुढे जातं, आपण फक्त दिशा द्यायची.