बाळंतपणानंतरची मळमळ: वहीच्या एका पानावर दोन कारणं

"ताई, मला परत दिवस तर गेले नाहीत ना?" बाळंतिणीनं विचारलं. मांडीवर अकरा आठवड्यांचं बाळ, शेजारी तिची आई. उलटी क्वचितच, पण उमासे रोजचे. गरोदरपणात पाचव्या महिन्यापर्यंत उलट्यांनी बेजार झालेली, त्यामुळे मळमळ म्हणजे दिवस हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आईचं निदान वेगळं: "पित्त आहे, दुसरं काही नाही."

गरोदरपणातल्या उलट्या वार पडल्यानंतर बहुतेकींच्या काही दिवसांत थांबतात. अकराव्या आठवड्यातली मळमळ म्हणजे त्यांचं शेपूट नव्हे. तिचं कारण नव्यानं शोधावं लागतं.

आधी तिची भीती निकाली काढली. "पाळी आली नाही, अंगावर पाजतेय, मग कसे जातील?" असं आई म्हणत होती. हा भरवसा तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू न झालेली आणि बाळ पूर्णपणे आईच्याच दुधावर, तेही दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. इथे आजी रात्री एक बाटली वरचं दूध पाजत होती, म्हणजे तिसरी अट मोडलेली. सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी केली, आठवड्यानं पुन्हा केली. दोन्हीदा निगेटिव्ह.

मग चार दिवसांची वही. मळमळ किती वाजता आली, आधीच्या तीन तासांत काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, बाळ अंगावर होतं का, कुठे दुखलं का. एवढंच लिहायचं. पान असं भरून आलं:

"सकाळी ७: चहा, लाल गोळी, कॅल्शियम. ७.४०: उमासे."
"रात्री ९: भात, तूप, दोन डिंकाचे लाडू. ११: मळमळ, उजवीकडे बरगडीखाली दुखलं, पाठीपर्यंत."

मळमळ एक नव्हतीच, दोन होत्या.

सकाळची सोपी. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बाळंतपणानंतर ती १८० दिवस रोज एक घ्यायची. रिकाम्या पोटी लोह जठराला झोंबतं. चहा लोह शोषू देत नाही, कॅल्शियमही आड येतं. म्हणजे सकाळी सातची ती तिकडी त्रास देणारी आणि वर गोळी वाया घालवणारी. लोह रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी जेवताना, आणि लोहाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, असा बदल केला. जेवणानंतर शोषण थोडं कमी होतं, पण मळमळीपायी गोळी बंद करणाऱ्या बायकांचं रक्त जास्त उतरतं. आठवड्यात सकाळ शांत झाली.

रात्रीची तशीच राहिली. गरोदरपणात पित्त घट्ट होतं, पित्ताशय सुस्तावतं आणि खडे धरतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ते त्रास देऊ लागतात. त्यात आपला बाळंतिणीचा आहार: डिंक, खोबरं, वरून तुपाची धार. तूप पोटात गेलं की पित्ताशय आवळतं आणि खडा तोंडाशी अडकतो. आईचं "पित्त" शब्दशः खरं निघालं, फक्त औषध वेगळं. आठ तास उपाशीपोटी सोनोग्राफी केली, खडे दिसले.

वहीत काही वेगळं दिसलं असतं तर वाटही वेगळी. पान्हा सुटताना मिनिटभरात येऊन लगेच ओसरणारी मळमळ दुधाच्या संप्रेरकांची. पाजण्याआधी ग्लासभर पाणी आणि दोन घास खाल्ले तर सुसह्य होते. सोबत छातीत धडधड, हात थरथरणं, वजन झरझर उतरणं असेल तर थायरॉइडची तपासणी. बाळंतपणानंतर वर्षभरात तो कधीही बिघडू शकतो. बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही, जेवण नको, रडू येतं, असं असेल तर एडिंबराचे दहा प्रश्न (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची प्रश्नावली) विचारावेत. तिलाही विचारले. गुण कमी आले, पण शेवटचा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, गुणांकडे न बघता वेगळा वाचायचा असतो. तिथे "कधीच नाही" होतं.

थांबायचं नाही अशाही गोष्टी आहेत. सहा आठवड्यांच्या आत मळमळीसोबत जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं आलं, तर त्याच दिवशी बीपी मोजायचं. १४०/९० किंवा वर असेल तर थेट दवाखाना. ताप, डोळे पिवळे, तासन्‌तास न थांबणारी पोटदुखी, पाणीही न टिकणं, यातलं काहीही असेल तरी तसंच.

सर्जननं दुर्बिणीनं पित्ताशय काढायचं ठरवलं. तिचा पहिला प्रश्न, "दूध तोडावं लागेल?" नाही. पूर्ण शुद्धीवर येऊन बाळ नीट धरता आलं की पाजता येतं. तोवरचं दूध आधी काढून ठेवायचं. ते बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. लाडवांचा डबा आईनं मावशीकडे धाडला.